ई-जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल की घाण्याचं शेंगतेल?

कराडकर: मेडिकलमध्ये लोक ती हिरवी कॅप्सूल कंदी पेढ्यासारखी मागतात. चारशे युनिटची, रोज एक, चेहऱ्यापासून हृदयापर्यंत सगळ्यावर. आत असतं फक्त अल्फा-टोकोफेरॉल, तेही बहुधा कृत्रिम. ई-जीवनसत्त्वाची रूपं आठ: चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. अल्फा भरमसाट घेतलं की रक्तातलं गॅमा घसरतं. नायट्रोजनचे घातक रेणू पकडायचं काम मात्र गॅमाच जास्त चांगलं करतं. एक बाजू राखताना पेशीची दुसरी उघडी पडते. माझं मत, कॅप्सूल बंद करून घाण्याचं शेंगतेल खा. त्यात अल्फा-गॅमा जवळपास सारखेच.

मिरजेची_केमिस्ट: दादा, गॅमाची एवढी गरज असती तर यकृताने ते बाहेर का काढलं असतं? यकृतातलं एक प्रथिन अल्फाच निवडून रक्तात पाठवतं, गॅमा बरंचसं मोडून टाकलं जातं. हे प्रथिन जन्मतः बिघडलेल्या माणसाचा चालताना तोल जातो, नसा खराब होतात. त्याला उपचार म्हणून अल्फाच देतात, शेंगतेल नाही. गॅमाचे पेशींवरचे प्रयोग छान दिसतात, पण काचेच्या ताटलीत यकृत नसतं.

कराडकर: यकृत निवडतं ते नैसर्गिक अल्फा. कृत्रिमात त्याच रेणूच्या आठ वेगवेगळ्या घडणींची भेसळ, त्यातल्या निम्म्या शरीर ठेवतच नाही. आणि ई-जीवनसत्त्वाने प्रोस्टेट कॅन्सर टळतो का हे बघणारी अमेरिकेतली सिलेक्ट चाचणी? ३५,५३३ पुरुष. रोज ४०० युनिट कृत्रिम अल्फा घेणाऱ्या गटात प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त, २०११ चा निष्कर्ष.

मिरजेची_केमिस्ट: मग धडधाकट माणसाने चारशेची घेऊ नये, एवढंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देतच नाही. पण गॅमा घटलं म्हणून कॅन्सर झाला, हे त्या चाचणीत नाही, ते तुम्ही जोडलंत. फिनलंडमध्ये रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्या सिगरेटवाल्यांत प्रोस्टेट कॅन्सर उलट कमी निघाला. तेही कृत्रिम अल्फाच! मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू वाढले, हेही सांगते, नाहीतर लपवलं म्हणाल.

वाळव्याचा_शेतकरी: शेंगतेलात १०० ग्रॅमला अल्फा साधारण १५ मिलिग्रॅम. दोन चमच्यांत कितीसं येणार? गॅमाच पाहिजे तर सोयाबीन तेलात कितीतरी जास्त, रिफाइंड असलं तरी. हे म्हटलं की घाणेवाल्यांचं तोंड वाकडं होतं. आणि त्याच तेलात चारदा भजी तळल्यावर अल्फा काय नि गॅमा काय राव.

वाईकर: टोकोट्रायनॉलला सगळ्यांनी वाळीत टाकलं का? पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनामार्फत वाढवते. पेशींवरच्या प्रयोगांत टोकोट्रायनॉल त्याला जागं करतात. मिळतात पामतेलात आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलात. शेंगतेलात जवळपास शून्य. कराडकर, पामतेल खाणार का?

कराडकर: पामतेल नको, कोंड्याचं बघू. आणि क-जीवनसत्त्व वापरलेल्या टोकोफेरॉलला पुन्हा कामाला लावतं, तेव्हा जोडीला आवळाही खाऊ. पण केमिस्टताई, धडधाकटाने घेऊ नये म्हणता, मग त्या कॅप्सूलचा डबा काउंटरवर सगळ्यात पुढे कशाला?

मिरजेची_केमिस्ट: ते मालकांना विचारा. मी पगारी आहे.