गांजा सोडल्यावर २८ दिवसांत डोकं ताळ्यावर येतं, हे कितपत खरं?

चिकित्सक बोका
"महिनाभर बंद ठेव, मेंदू कोरा करकरीत होतो." गांजा सोडू बघणाऱ्या प्रत्येकाला हे कोणी ना कोणी ऐकवतंच. हा आकडा हवेतून आलेला नाही. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरवर (पेशीवरच्या एका ग्राहक-खाचेवर) जाऊन बसतं. रोजच भडिमार व्हायला लागला की मेंदू ते रिसेप्टर कमी करतो. २०१२ मध्ये पेट स्कॅनने (मेंदूतले रिसेप्टर दाखवणाऱ्या PET तपासणीने) मोजलं तेव्हा रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात ते साधारण २० टक्क्यांनी कमी भरले, आणि चारेक आठवडे बंद ठेवल्यावर परत आले. २०१६ च्या अभ्यासात तर ही भरपाई दोनच दिवसांत सुरू झालेली दिसली. त्याआधी २००१ मध्ये शब्दयादी लक्षात ठेवायच्या चाचणीत भरपूर ओढणारे ०, १ आणि ७ व्या दिवशी मागे होते, २८ व्या दिवशी इतरांच्या बरोबरीला आले होते.

हे सगळं मान्य करूनही २८ दिवसांचं आश्वासन देऊ नये असं माझं मत आहे. रिसेप्टर जागेवर आले म्हणजे घडी बसली असं होत नाही. शिवाय मधल्या काळात डोकं आधीपेक्षाही वाईट चालतं, ते सांगायचं राहूनच जातं. बाराव्या दिवशी माणूस दोन पानं वाचतो, काही शिरत नाही, रात्री झोप नाही, समोरच्यावर खेकसतो. मग त्याचा निष्कर्ष ठरलेला: "ओढत होतो तेव्हाच बरा होतो."

दुसरीबाजू
बोकोबा, तारीख दिली की माणूस टिकतो. "कधी बरं वाटेल ते माहीत नाही" असं सांगून कोणी काही सोडत नाही.

आणि तुम्ही नुकसान फुगवताय. २०१८ मध्ये ६९ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, बहुतेक तरुणांवरचे. वापरणारे आणि न वापरणारे यांच्यातला फरक निघाला पाव प्रमाण-विचलन. म्हणजे शंभर जणांच्या रांगेत मधोमध उभा राहिला असता तो माणूस दहा जागा मागे. ७२ तासांहून जास्त बंद ठेवलेल्यांचे अभ्यास वेगळे काढल्यावर तोही फरक नगण्य झाला. २८ दिवस हीच मुळात सावध तारीख आहे.

चिकित्सक बोका
त्या "७२ तासांहून जास्त" गटात चार दिवसवाले आणि कित्येक आठवडेवाले एकाच पोत्यात आहेत. त्यावरून चौथ्या दिवशी सगळं ठीक, असं निघत नाही. शिवाय "विचार करणं" ही एक गोष्ट नाही. २०१८ चाच दुसरा अभ्यास घ्या: १६ ते २५ वयाचे ८८ जण. काहींना महिनाभर बंद ठेवायला बक्षिसाची रक्कम दिली, बाकीचे ओढत राहिले. सोडणाऱ्यांची शब्द-स्मृती सुधारली, तीही बरीचशी पहिल्याच आठवड्यात. लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्यांत मात्र महिनाभरात फरक पडला नाही.

या अभ्यासात ओढत राहिलेला गट होता, ही मोठी जमेची बाजू. घरी बसून मोबाईलवर रोज तोच स्मरणशक्तीचा खेळ खेळलात तर गुण वाढणारच, गांजा सोडा वा न सोडा. तो निव्वळ सराव. स्वतःला तपासायचंच असेल तर पंधरा शब्दांची यादी दुसऱ्याकडून वाचून घ्या, पाच वेळा. प्रत्येक वाचनानंतर आठवतील तेवढे शब्द म्हणा, मग अर्धा तास दुसरं काही करून पुन्हा म्हणून दाखवा. पुढच्या खेपेला यादी नवी, आणि तीन आठवड्यांच्या आत दुसरी खेप नको.

रातराणी
दोघेही एक गोष्ट विसरताय: तंबाखू. बहुतेक जॉइंटमध्ये आणि चिलमीत गांजाच्या जोडीला तंबाखू असते. माणूस म्हणतो "गांजा सोडला", प्रत्यक्षात एका दिवसात निकोटीनही सुटलेलं असतं. मन न लागणं, चिडचिड, अस्वस्थता ही निकोटीन सुटण्याचीही लक्षणं आहेत. ओळखायची एक खूण भुकेची. गांजा सुटला की भूक मरते, निकोटीन सुटलं की वाढते. पहिल्या आठवड्यात सतत खा-खा होत असेल तर त्रास देणारी तंबाखू असण्याची शक्यता जास्त.

त्यात कॉफीची भर. धुरातले काही पदार्थ यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवतात, आणि कॅफिन मोडायचं काम तेच करतं. धूर थांबला की एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळतं. रोजचे चार कप तेच, पण छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क डोळे. लोक याला "गांजा सोडल्याची घबराट" म्हणतात. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारनंतर बंद.

हेच एन्झाइम क्लोझापीन आणि ओलान्झापीन या मानसिक आजारांवरच्या औषधांनाही लागू. ती चालू असतील तर धूर बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. विशेषतः क्लोझापीनची पातळी धोक्याच्या रेषेवर जाऊ शकते.

दुसरीबाजू
रातराणी, कॉफीचा मुद्दा शंभर टक्के. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध होतं की! लोक ज्याला मेंदूची हानी म्हणतात त्यातलं बरंच निकोटीन, कॅफिन आणि मोडलेली झोप असते.

साधासरळ
बुद्धीचं ठेवा बाजूला, मनाचं बोला. मुळात चिंता, नैराश्य होतं म्हणून ओढायला लागलेले कितीतरी. त्यांचा आधार काढून घेतला की खालचं सगळं वर येतं. "सोडलं की मन सुधारतं" हा भाबडेपणा आहे.

चिकित्सक बोका
वर आलेलं मूळचं आहे की सोडण्यामुळे आलेलं, हे आधी वेगळं करावं लागतं. गांजा सोडल्याच्या लक्षणांना डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून स्वतंत्र निदानाचा दर्जा आहे. सात बाबी: चिडचिड, घबराट, झोप न येणं किंवा विचित्र स्वप्नं, भूक मंदावणं, अस्वस्थता, खिन्नता, आणि एखादा शारीरिक त्रास (पोटदुखी, घाम, थरथर, थंडी वाजणं, ताप, डोकेदुखी). सोडल्यापासून आठवड्याभरात यातल्या किमान तीन. सुरुवात एक ते तीन दिवसांत, कळस पहिल्या आठवड्यात, बराचसा ओसर दोन आठवड्यांत.

या खिडकीत "मला नैराश्य आहे" असं ठरवणं म्हणजे तापात वजन बघण्यासारखं. महिनाभरानंतरही खिन्नता जशीच्या तशी असेल, किंवा ओढायला लागण्याआधीही होती असं घरचे सांगत असतील, तर ती मूळची समजून उपचार करावेत.

वैद्यबुवा नाही
"महिनाभर थांबा" हा सल्ला सरसकट देऊ नका, अंगाशी येईल. आत्महत्येचे विचार असतील तर एक दिवसही थांबायचं नाही. आवाज ऐकू येणं, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, ही गांजा सोडण्याची नेहमीची लक्षणं नव्हेत. ओढण्याच्या काळात एकदा वेडाचा झटका येऊन गेलेल्यांच्या बाबतीत तर अजिबात ढिलाई नको. गांजामुळे झालेल्या सायकोसिसच्या (भास-भ्रमांनी वास्तवाचं भान सुटण्याच्या) रुग्णांचा डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं माग ठेवला, तेव्हा जवळपास निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं निदान झालं (२०१८). "गांजाने झालं होतं, सोडला, विषय संपला" असं म्हणून औषध परस्पर बंद करणारे तिथेच फसतात.

कृत्रिम कॅनाबिनॉइड (प्रयोगशाळेत बनवलेली, गांजासारखी नशा देणारी रसायनं) ओढणाऱ्यांनी हा धागा स्वतःला लावूच नये. ते सोडताना फिटही येऊ शकते. ती सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावी.

साधासरळ
बरं, मग एकदम तोडायचं की हळूहळू? एकदम तोडलं की डोकं फिरतं म्हणून मी हळूहळूच्या बाजूचा.

दुसरीबाजू
टीएचसी चरबीत साठतं आणि संथपणे बाहेर पडतं. भरपूर ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष महिनाभर सापडू शकतात. म्हणजे शरीर स्वतःच मात्रा उतरवत आणतं, वेगळी उतरंड कशाला? (आणि लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस अजून नशेत आहे, असाही अर्थ होत नाही.)

रातराणी
शरीर उतरवतं हे खरं, तरी रोज सकाळपासून ओढणाऱ्याला दोन आठवड्यांची उतरंड सोपी जाते. फक्त मोजायचं वजनावर, नगावर नाही. "पाचाचे तीन केले" म्हणणाऱ्याचे तीन जाड होत जातात आणि झुरके खोल. दिवसाचा माल सकाळीच तोलून काढायचा, दर तीन दिवसांनी साधारण पाचवा हिस्सा कमी करायचा, आणि पहिला झुरका रोज तासभर पुढे ढकलायचा. यात रात्रीचा शेवटचा झुरका सुटायला सगळ्यात अवघड, कारण झोप त्याच्यावर टांगलेली असते. झोपेसाठी दारू किंवा झोपेच्या गोळ्या परस्पर सुरू करणं ही नेहमीची चूक. एक सवय जाऊन दुसरी बसते.

साधासरळ
एन-अॅसिटिलसिस्टीन या औषधाने तलफ जाते म्हणतात?

वैद्यबुवा नाही
१५ ते २१ वयोगटात दिवसाला दोनदा १२०० मिलिग्रॅम देऊन फायदा दिसला होता, २०१२ मध्ये. प्रौढांवरच्या ३०२ जणांच्या चाचणीत २०१७ मध्ये तो दिसला नाही. समुपदेशन, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची मानसोपचार पद्धत) आणि स्वच्छ तपासणीला बक्षीस, यांचंच वजन आजही जास्त.

चिकित्सक बोका
आता कळीचा मुद्दा, जो दुसरीबाजूंनी शिताफीने टाळला: किशोरवय. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारांहून अधिक जणांची बुद्ध्यांक चाचणी लहानपणी आणि ३८ व्या वर्षी झाली. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांत ८ गुणांपर्यंत घट होती, आणि नंतर सोडूनही ती पूर्ण भरली नाही. यांना २८ दिवस कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसरीबाजू
टाळला नाही, पाळी यायची होती. त्या निष्कर्षावर २०१३ मध्येच आक्षेप आला की घरच्या आर्थिक परिस्थितीनेही तशी घट दिसू शकते. २०१६ मध्ये जुळ्यांची तुलना झाली: एक ओढणारा, एक न ओढणारा, आणि दोघांच्या बुद्ध्यांकात म्हणावा असा फरक नाही.

चिकित्सक बोका
जुळ्यांच्या अभ्यासात शेवटची चाचणी विशीच्या आतबाहेर होती, ड्युनेडिनमध्ये ३८ व्या वर्षी. दोन्ही एका तागडीत घालू नका.

दुसरीबाजू
ठीक, किशोरवयात सुरू केलेल्यांपुरतं आश्वासन मागे घेतो. बाकीच्यांना दोन तारखा देऊ: चिडचिडीसाठी १४, स्मृतीसाठी २८.

रातराणी
आणि झोपेसाठी? गांजा स्वप्नांची झोप दाबतो, सोडला की ती उसळून येते. ही विचित्र, ठसठशीत स्वप्नं महिन्यापलीकडेही चालू राहतात. पंधराव्या रात्री घामाघूम होऊन उठलेला माणूस तुमची १४ तारीख बघून म्हणेल, माझंच काहीतरी बिघडलंय. आणि तेव्हा "आज एकच" म्हणून जुन्याच मापाने भरलेला जॉइंट ओढेल. रिसेप्टर तोवर परतलेले असतात, सहनशक्ती उतरलेली असते. तेवढ्याच मापाने थेट पॅनिक.

दुसरीबाजू
मग स्वप्नांसमोर तारीखच लिहू नका. नुसतं "येतील" एवढंच लिहा.