वह्यांचा फोल्डर उडाला, बॅकअपमधून परत कसा आणू?

नमस्कार मंडळी,

सुट्टीला फोंड्याला घरी आलेय. आजोबांच्या नाटकाच्या वह्या मी स्कॅन करून ठेवल्या होत्या, जत्रेला गावची मंडळी करायची ती नाटकं. शनिवारी लॅपटॉप आवरताना तो अख्खा फोल्डर डिलीट झाला आणि मला कळलं आज, मंगळवारी. मूळ वह्यांपैकी दोन वाळवीने खाल्ल्यात, त्यांचे स्कॅनच काय ते होते. दादा, तुम्ही लावून दिलेला रेस्टिकचा (तो बॅकअपचा प्रोग्राम) बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर होतो. सरळ रिस्टोर लेटेस्ट मारू का?

---

ताई, लेटेस्ट नको! लेटेस्ट म्हणजे काल रात्रीचा, आणि काल रात्री तो फोल्डर लॅपटॉपवर नव्हताच, मग त्यात येणार कुठून, तू उगाच घाबरशील. तुला शुक्रवार रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या रात्री घेतलेला बॅकअप पाहिजे.

सगळ्यात आधी रात्रीचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी बॅकअपची स्क्रिप्ट आपोआप चालवतो तो, बंद कर. त्या स्क्रिप्टमध्ये बॅकअप झाला की फर्गेट (जुने स्नॅपशॉट यादीतून काढतं) आणि प्रून (त्यांचा डेटा पुसतं) चालतं, रोजचे सातच ठेवतो आपण, म्हणजे अजून तीन-चार दिवस गेले असते तर शुक्रवारचाही गेला असता, आणि प्रून झालेलं मग कशानेच परत येत नाही.

मग 'रेस्टिक स्नॅपशॉट्स' चालव, तारखेसमोर आठ अक्षरांचा आयडी दिसेल, शुक्रवारचा उचल. 'रेस्टिक एलएस' आणि तो आयडी दिलास की आतल्या फाइल्स दिसतील, वह्या आहेत ना ते डोळ्यांनी बघ. मगच रिस्टोर, आणि टार्गेट म्हणून नवा रिकामा फोल्डर दे, जुन्या जागेवर अजिबात नको, कारण त्याच नावाची फाइल तिथे असली तर रेस्टिक ती न विचारता बॅकअपमधल्या फाइलने बदलतं आणि शनिवारनंतर केलेलं तुझं काम जाईल. सगळं नको असेल तर इन्क्लूड लावून फक्त वह्यांचा पाथ, म्हणजे त्या फोल्डरचा पत्ता दे. नव्या फोल्डरमध्ये आधी नुसतं 'होम' दिसेल, रिकामं वाटेल, पण रेस्टिक पूर्ण पाथ तसाच उभा करतं, तेव्हा आत आत जात राहा.

पासवर्ड आहे ना तुझ्याकडे? त्याच्याशिवाय मी काय, कोणीच उघडू शकत नाही. आणि चार्जर लावून ठेव, म्हापशाला सकाळपासून तीनदा लाईट गेली, तुमच्याकडेही पाऊस असणारच.

---

दादा, मिळाल्या!! पासवर्ड आईच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवला होता. 'होम' बघून धस्स झालं होतं, पण तुमचं वाचलेलं म्हणून आत गेले. वाळवी लागलेल्या वहीचा स्कॅन पहिला उघडला, तिसऱ्या अंकाशी आजोबांनी लाल शाईने लिहिलंय, 'इथे घुमट थांबवणे', घुमट म्हणजे आपलं मातीचं वाद्य. आईला बोलावून दाखवलं, ती बराच वेळ बघत बसली.

फोल्डर जुन्या जागी ठेवलाय, क्रॉन परत चालू केलाय. परत जायच्या आधी अजून एक डिस्क घेऊन तिच्यावर कॉपी करून इथे आईकडेच ठेवते.