मे महिन्यात पाणी असलेला धबधबा, पुण्याहून १७ जण : सल्ला हवाय

टेकडीवाली :
रोज सकाळी तळजाई चढणारा आमचा ग्रूप आहे. सगळ्यात धाकटा ९ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या काकू ६८ च्या (चढावर पुढे त्याच असतात). मेचा शेवटचा शनि-रवि ठरलाय आणि सगळ्यांना धबधबाच हवाय. गेल्या मेमध्ये एक रील बघून गेलो होतो. दीड तास तंगडतोड केली तर कातळावर नुसता काळा ओघळ, शेवाळाचे वाळून पापुद्रे निघालेले, खालच्या डबक्यात चिप्सची दोन पाकिटं. रील जुलैचं होतं, हे घरी आल्यावर कळलं. यंदा देवकुंडाचा विचार आहे. मेमध्ये पाणी असतं का?

कातळवाट :
देवकुंड डोक्यातून काढा. ते भिऱ्याजवळ, आणि भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. मार्चमध्ये! धाकट्याला आणि काकूंना घेऊन दुपारी तिथून परत चालायचं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. आपल्याकडे डोंगरमाथ्यावर बर्फ नाही आणि काळा कातळ फारसं पाणी धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर धार बारीक होते, होळीपर्यंत बहुतेकांचा कारभार आटोपतो. उन्हाळ्यात जे वाहतं ते बहुधा धरणाचं पाणी.

टेकडीवाली :
म्हणजे मेमध्ये कुठेच नाही??

अकोलेकर :
आहे की, रंधा. भंडारदरा धरणाच्या खाली प्रवरेवर. पण हा धबधबा पावसापेक्षा पाटबंधारे खात्याचं जास्त ऐकतो. शेतीचं आवर्तन (पाळीनं सोडलेलं धरणाचं पाणी) सुटलं की उन्हाळ्यातही पडतो, नाहीतर कोरडा. निघायच्या आदल्या दिवशी धरणाजवळच्या शेंडी गावातल्या मुक्कामाच्या घरी फोन करून 'पाणी सोडलंय का' एवढंच विचारा. धरणापाशी छत्री धबधबा आहे, तोही सोडलेल्या पाण्यावरच. फक्त नदीत उतरू नका, पाणी अचानक वाढतं.

घाटवेडा :
मी सांदण दरी सुचवेन. साम्रदहून उतरायचं. घळीत भर दुपारी सावली, डोहाचं पाणी गारेगार.

कातळवाट :
@घाटवेडा, मेअखेरीस १७ जणांना? वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि त्या घळीत पाणी भरलं तर पळायला जागा नाही. मी तरी नेणार नाही. सांदण हिवाळ्यात.

जव्हारची लेक :
आमच्याकडचा दाभोसाही बघा, लेंढी नदीवर. उन्हाळ्यात धार अगदी बारीक होते, पण खालचा डोह असतो. पुण्याहून लांब पडेल म्हणा. आणि वरून उड्या मारणारी पोरं दिसली तर आपल्या मुलांना तिथून लांब ठेवा. त्या उड्यांनी जीव गेलेत.

अकोलेकर :
भर घालतो. मेअखेरीस भंडारदऱ्याला येताच आहात तर धबधब्याचा हट्ट सोडून काजवे बघा. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हाच त्यांचा मोसम. हिरड्याचं किंवा सादड्याचं आख्खं झाड एका ठेक्यात पेटतं-विझतं. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा, मोबाइलचा फ्लॅश बंद. परिसर अभयारण्याचा आहे, रात्री वेळेचं बंधन असतं, ते नाक्यावर विचारून घ्या. शनिवारी रात्री मात्र गाड्यांची इतकी रांग लागते की काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसतात. शक्य असेल तर एक दिवस रजा टाकून गुरुवारी या.

डोंगरची मैना :
अकोलेकरांना +१. सकाळी सहाला चालायला लागा, दहाला सावलीत परत. माणशी चार लिटर पाणी. 'वाटेत मिळेल' यावर जाऊ नका. कड्यांखाली आग्या मोहोळं असतात, त्यामुळे डिओ, अत्तर, सिगारेट बंद. आमच्या एका मोठ्या ग्रूपमध्ये एकानेच फवारलं आणि उरलेले तिघांमागे एक चादर घेऊन अर्धा तास पालथे पडून होते. बाकी करवंदं पिकलेली असतील, पोरांना तेवढं पुरतं.

टेकडीवाली :
सगळ्यांचे आभार! ग्रूपवर मतदान घेतलं. काजवे ११, रंधा ५, आणि एकाने 'महाबळेश्वर' लिहिलं. गुरुवारीच निघतोय, येताना रंधा, पाणी असलं तर. काकू विचारताहेत, काजवे बघायला कळसूबाई चढावं लागतं का?

अकोलेकर :
नाही हो. रस्त्याकडेच्या झाडांवरही दिसतात. पण चढणार असतील तर १६४६ मीटर आहे, पहाटे निघायला सांगा.