मदत हवी आहे: खाडीवरचे छोटे पक्षी मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी यंदा पहिल्यांदाच ठाणे खाडीवर, ऐरोलीच्या बाजूला जाणार आहे. रोहित (फ्लेमिंगो) मोजायला जमतंय: दहाचा घोळका नजरेत बसवायचा, तसे दहा झाले की शंभर, मग पुढे सरकायचं. शेकाट्याही लांब गुलाबी पायांमुळे लगेच कळतात. अडतं ते टिलवे-तुतवारांपाशी, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांपाशी. परवा सरावाला गेले तर अख्खा थवा चिखलावरून उठला, वळताना पांढरा चमकला आणि माझ्या मागेच उतरला. मोजलेले कोणते, राहिलेले कोणते, काही कळेना! दुबार मोजणी टाळायला तुम्ही काय करता? भरती चढताना मोजावं की ओहोटीला? चुकीचा आकडा माझ्या हातून जायला नको. अनुभवी कुणी एखादी सकाळ सोबत याल का?