मदत हवी आहे: ३९० ड्यूकला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालेल का?

गाडी केटीएम ३९० ड्यूक, वॉरंटी संपलेली, मुक्काम रत्नागिरी. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-५०, जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक) दिलंय. इथल्या दुकानांत हे ग्रेड मिळेल तेव्हा मिळतं. नाहीतर कोल्हापूरहून मागवा किंवा ऑनलाइन. मेकॅनिकचं म्हणणं, "२०डब्ल्यू-५० टाका, दमट हवेला जाडच बरं." माझ्या समजुतीप्रमाणे पहिला आकडा थंड तेलाच्या जाडीचा, दुसरा तापलेल्याचा; म्हणजे इंजिन तापल्यावर दोन्ही ५०च. फरक पडतो तो थंड इंजिन सुरू करताना, आणि आपल्याकडे थंडी ती कुठली!

वापर विचाराल म्हणून सांगतो: आठवडाभर घर ते बंदर, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत गाडी बंद. रविवारी आंबा घाट, तोही वरच्या आरपीएमला. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाला आतून ओलावा मिसळलेल्या ऑइलची पांढरट, चिकट साय धरते. कूलंटची पातळी जागच्या जागी आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, त्यामुळे हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनमधलं सील) गेल्याचा संशय नाही. लांब फेरी मारली की साय जाते, चार दिवसांत परत येते. फिल्टर दर वेळी ऑइलबरोबर बदलतो.

कारचं ऑइल कृपया सुचवू नका. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, घसरायला लागेल. पैशाचा प्रश्न नाही, मिळण्याचा आहे.

किनाऱ्यावर ही गाडी वापरणाऱ्यांनी सांगा: फुल सिंथेटिक, एमए२वालं २०डब्ल्यू-५० बिनधास्त टाकू का? आणि ती साय बघता पावसाळ्यात मॅन्युअलच्या किलोमीटरआधीच ऑइल बदलता का, किती आधी?