टाकीतलं ऑइल गायब, सुरू केली की धूर – रिंगा गेल्या का?

किकवाला:
माझ्याकडे जुनी ५०० सीसीची पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरची) बाइक आहे, ड्राय संप (ऑइल इंजिनच्या तळाला म्हणजे संपमध्ये न राहता वेगळ्या टाकीत राहतं), प्लंजरवाला (दट्ट्याचा) ऑइल पंप. ३ आठवडे उभी होती, परवा झाकण काढून बघितलं तर टाकीतलं ऑइल पार खाली, आणि जमिनीवर एक थेंब नाही. मी वरून जवळजवळ लिटरभर ओतलं आणि किक मारली, तर दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल, आणि थोड्या वेळाने टाकी पण वरून वाहायला लागली. १० मिनिटांनी धूर बंद. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. गरम झाल्यावर आयडलिंगला प्रेशरचा दिवा पण लुकलुकतो. खूप जीव आहे हो गाडीवर, काय करू?

जुनाफिटर:
इंजिन अजिबात खोलू नका. रिंगा गेल्या असत्या तर रेस दिली की दरवेळी धूर आला असता, १० मिनिटांनी थांबला नसता. तुमचं ऑइल कुठे गेलं नाही, टाकीतून हळूहळू पंपातून झिरपून संपमध्ये उतरलं, आणि वरून तुम्ही अजून ओतलंत, मग पंपाने खालचं परत वर ओढल्यावर टाकी वाहणारच. लेव्हल नेहमी गाडी थोडी चालवून झाल्यावरच बघायची.
आता खरं काम. गाडी चांगली गरम करा, बंद केल्या केल्या संपचा प्लग काढा आणि निघालेलं ऑइल मोजा. १००-१५० मिली निघालं तर पंपाची रिटर्नची (संपमधून टाकीत परत नेणारी) बाजू ठीक. अर्धा लिटर निघालं तर रिटर्नचा प्लंजर ओढत नाहीये, त्याच्या बॉलखाली (पंपातली वाट बंद करणाऱ्या गोळीखाली) कचरा असेल किंवा संपमधला पिकअप पाइप (ऑइल ओढून घेणारी नळी) चिरला असेल. मग प्लग लावून आठवडाभर उभी ठेवा आणि परत मोजा. फक्त या दुसऱ्या वेळी जास्त निघालं तर फीडचा (टाकीतून इंजिनला ऑइल देणाऱ्या बाजूचा) बॉल सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, नीट बसत नाही. दोन्ही वेळा मोजल्याशिवाय पान्याला हात नको.

बॉलबेअरिंग:
दिव्यावर जाऊ नका, प्रेशर स्विच खराब असला तरी लुकलुकतो. स्विच काढून तिथे गेज लावा, गार आणि गरम दोन्ही वेळा बघा. गार असताना चांगलं आणि गरम झाल्यावर पडत असेल तर आधी ऑइलचा ग्रेड, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) अडकलाय का ते, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) सगळ्यात शेवटी. आणि ऑइल खाली झिरपू नये म्हणून कोणी ऑइलच्या पाइपमध्ये कॉक (बंद-चालू करायची तोटी) बसव म्हणेल, कृपा करून नका बसवू, एकदा उघडायचा विसरलात तर इंजिन जॅम.

किकवाला:
मोजलं दादा. गरम असताना १२० मिली, ८ दिवसांनी जवळजवळ ९०० मिली. पंप काढला तर फीडच्या बॉलखाली सीलंटचा बारीक तुकडा, बहुतेक इंजिन केलं तेव्हाच कोणीतरी गॅस्केटला भरपूर फासलेलं. सीट साफ केली, नवीन बॉल टाकून पितळी दांडीने हलकेच ठोकून बसवला. गेज अजून लावायचंय.

जुनाफिटर:
सीलंटचा एक तुकडा सापडला म्हणजे अजून असतील. टाकीतली जाळी आणि संपची जाळी दोन्ही काढून धुवा, रिलीफ व्हॉल्व्ह पण उघडून बघा, तोच तुकडा तिथे अडकला असेल तर दिव्याचं कारण पण तिथेच सापडेल. मग गेज लावा आणि आकडे इथे टाका.