१९०५ सालचा इंग्लंडमधला बिगरीचा वर्ग उभा करायचाय: गॅलरी, वाळूची ताटं, दिवसक्रम?

खानापूर_गुरुजी
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या गॅदरिंगला डिसेंबरात दोन वर्ग शेजारी शेजारी मांडायचे आहेत. एकात मुंबई इलाख्यातली बिगरी, दुसऱ्यात त्याच काळातली इंग्लंडमधली 'इन्फंट स्कूल'. आपली बाजू जमली आहे: धूळपाटी, मोडीचे कित्ते, निमकी-पावकीचे पाढे. अडलंय ते इंग्लंडच्या बाजूला. खोली २० बाय १६ फूट, मुलं ४०, वय पाच ते सात. पायऱ्यांची बैठक कशी बांधायची? वाळूच्या ताटात वाळू किती, कसली? अर्ध्या तासात त्यांच्या दिवसातलं काय दाखवावं? छडी आणि 'ढ' मुलाला घालायची गाढवाची टोपी ठेवा असं सगळेच सुचवतात, पण माझं मन घेत नाही.

निपाणी_वाचक
गुरुजी, तुमचं मन बरोबर सांगतंय. छडी होती, पण तिथे हा वर्ग चालायचा तो हजेरीपटावर. पटाचं टेबल दारासमोर मांडा, बाकी सगळं त्यातून उलगडत जातं.

याची सुरुवात १८६२ च्या नियमांत: तेव्हा शाळेला सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ६ शिलिंग ६ पेन्स अनुदान मिळे, तेही त्याची हजेरी पुरेशी भरली तरच. मुलाने धर्मेतर शिक्षण सलग दीड तास घेतलं तर एक हजेरी. मोठ्या मुलांना दोन तास लागत. धर्मशिक्षण त्या दीड तासात धरत नसत आणि ते सत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटीच घ्यावं लागे. म्हणून ९ वाजता प्रार्थना, भजन, बायबलची गोष्ट, मग पट भरून बंद. त्यानंतर आलेलं मूल वर्गात बसलं तरी कागदावर गैरहजर. पट शाईने भरायचा, खाडाखोड चालत नसे. दुपारी १२ ला सुट्टी, बहुतेक मुलं घरी जेवून २ च्या सुमाराला परत येत आणि दुसऱ्यांदा पट भरला जाई.

तुमच्या खोलीचा हिशेब बघा: ३२० चौरस फुटांत ४० मुलं म्हणजे डोईला ८ चौरस फूट. तिथल्या नियमात बरीच वर्षं किमान जागा हीच होती! तेव्हा खोली मोठी शोधू नका, दाटी हीच खरी गोष्ट आहे. एका बाईपुढे साठ-सत्तर मुलं असत. हाताशी एखादी विद्यार्थी-शिक्षिका, उमेदवारीवर घेतलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. एवढ्या पोरांना एकेकटं शिकवणं शक्यच नव्हतं. एका सुरात म्हणणं, एका हुकमावर उठणं-बसणं, हात पाठीमागे बांधणं हे सगळं तिथून आलं.

सुतारकाम_वडगाव
गॅलरीबद्दल, म्हणजे त्या पायऱ्यांच्या बैठकीबद्दल. मूल ज्या पायरीवर बसतं तिच्या खालच्या पायरीवर त्याचे पाय येतात. म्हणून उंची १० इंच, खोली २४ इंच ठेवा. १२ इंच बसायला, उरलेले १२ मागच्या मुलाच्या पायांना. खोली कमी केलीत की मागच्याचे बूट पुढच्याच्या पाठीत.

प्रत्येक मुलाला १४ इंच धरा, १२ फूट लांबीत दहा मुलं सहज बसतात. चार पायऱ्यांत ४० मुलं. एकूण खोली ८ फूट, सगळ्यात वरची बैठक ४० इंचांवर. तिच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कठडा हवाच, यात काटकसर नको. वजन सात-साडेसातशे किलो होतं आणि सगळी पोरं एकदम उठली की झटका बसतो. म्हणून दर दोन फुटांवर खालून उभा आधार द्या, तिरके पट्टे मारून डुलणं बंद करा. वरून १९ मिलिमीटरचं प्लाय. बाजूने अरुंद चढती वाट ठेवा, नाहीतर मुलं एकमेकांना ओलांडून चढतील. मंडपवाल्याचं स्टेज वापरायचं तर लोखंडी कडांना पट्टी लावा.

आणखी एक: आपली पोरं बसली की मांडी घालतात. दोन दिवस पाय खाली सोडून बसायचा सराव द्या.

बालवाडी_टिळकवाडी
वाळूचं ताट: १२ बाय ९ इंच, कडा एक इंच, तळ काळा रंगवलेला. वाळू पाव इंच, जास्त नको. बोट फिरलं की काळा तळ दिसला पाहिजे, तरच अक्षर उठतं. जाड थरात नुसता खड्डा पडतो. एका ताटाला साधारण ६५० ग्रॅम, म्हणजे वीस ताटांना तेरा-चौदा किलो. मलप्रभेची वाळू आणलीत तर धुवा, चहाच्या गाळणीएवढ्या बारीक चाळणीने चाळा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दमट राहिली तर गोळे होतात. ताट हलवलं की पाटी कोरी. तत्त्व आपल्या धूळपाटीचंच, शेजारी शेजारी ठेवाच.

लाकडी ठोकळे जरूर करा. किंडरगार्टन सुरू करणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेलच्या खेळण्यांचा तिसरा संच म्हणजे दोन इंचांचा घन, आठ एक-इंची घनांचा बनलेला. दोन इंची ठोकळा कापू नका, करवतीच्या वाटेत लाकूड जातं आणि घन लहान होतात. एक इंची चौकोनी पट्टी घेऊन तिचे एक-एक इंचाचे तुकडे पाडा. फ्रबेलला मुलाने स्वतः रचून बघायला हवं होतं. मोठ्या वर्गात मात्र त्याचीच कवायत झाली: एक म्हटलं की पेटी पुढे, दोन म्हटलं की झाकण काढा. ही कवायत दाखवा. बघणाऱ्याला काय हरवलं ते आपसूक कळेल, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

बारीक शिवणाचंही तसंच. १९०५ साली महिला निरीक्षकांचा पाच वर्षांखालच्या मुलांबद्दलचा अहवाल निघाला. कॅथरीन बाथर्स्ट त्यातली सगळ्यात स्पष्ट बोलणारी. घोकंपट्टी, कोंदट खोल्या, कोवळ्या डोळ्यांवर ताण आणणारं शिवण, सगळ्यावर तिने बोट ठेवलं. त्याच वर्षापासून पाचखालच्या मुलांना प्रवेश नाकारायची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली. म्हणजे तुमचं साल नेमकं वळणाचं आहे.

खानापूर_गुरुजी
फार उपयोगी. 'वस्तुपाठ' (खरी वस्तू दाखवून शिकवायचा धडा) घ्यायचा ठरला, वस्तू कोळसा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून आणू का?

बालवाडी_टिळकवाडी
फौंड्रीत बहुधा कोक मिळेल. तो करडा, भोकंभोकं असलेला. लोणारी कोळसाही नको, तो हलका. दगडी कोळसा जड, चकचकीत, थरांत फुटणारा, तोच हवा. लोहाराकडे विचारा, मुठीएवढे दोन तुकडे पुरेत. क्रम असा: दाखवायचा, हातोहात फिरवायचा, रंग-वजन विचारायचं, फोडून 'ठिसूळ' शब्द फळ्यावर लिहायचा आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा. वर्गात फोडणार असाल तर फडक्यात गुंडाळून फोडा, कपच्या डोळ्यात जातात. आठ मिनिटांत आटपा.

पाट्या दगडी आणि लाकडी चौकटीच्याच घ्या. पुठ्ठ्याच्या पाटीवर पेन्सिलीचा तो किरकिराट येत नाही. तिथेही पोरं थुंकी लावून बाहीनेच पुसत. तुम्ही ओलं फडकं द्या.

निपाणी_वाचक
कपडे: मुलींना गडद झग्यावर मांजरपाटाचा पांढरा पिनाफोर (बिनबाह्यांचा एप्रन), सहा वर्षांच्या मुलीला दीड मीटर पुरतं. मुलांना गुडघ्यापर्यंत चड्डी, लांब मोजे, बूट.

पटाच्या टेबलावर लॉगबुक, म्हणजे शाळेची नोंदवही, ठेवा. मुख्याध्यापिकेने त्यात घडलेलं तेवढं लिहायचं, स्वतःची सर्वसाधारण मतं लिहायला नियमाने मनाई होती. म्हणून नोंदी अशा करा: पाऊस, हजेरी कमी. गोवर, अमुक मुलं घरी. निरीक्षक येऊन गेले. दौती खानापूरच्या कुंभारांकडून करून घ्या, पण आतून झिलई हवी, नाहीतर माती शाई पिऊन टाकते.